भांडण मिटवणाऱ्याचा सत्कार कसा करावा

दंगल झाली की तिची तारीख राहते, गुन्हा नंबर राहतो, पेपरात फोटो राहतो. दंगल होता होता टळली तर मागे काहीच उरत नाही. ज्या माणसामुळे ती टळली तो दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा शेतात जातो, आणि दोन-चार वर्षांत गावही ते विसरून जातं.

जगातही हेच चालत आलंय. २७ ऑक्टोबर १९६२ ला, क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातला पेच ऐन भरात असताना, एका सोव्हिएत पाणबुडीवर अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो सोडायची भाषा सुरू झाली. वासिली अर्खिपोव्ह नावाच्या अधिकाऱ्यानं त्याला विरोध केला. ते १९९८ मध्ये वारले. २०१७ मध्ये त्यांच्या नावानं पुरस्कार जाहीर झाला तो घरच्यांनी घेतला. स्टानिस्लाव पेत्रोव्ह या सोव्हिएत अधिकाऱ्याचंही तसंच. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री समोरचं यंत्र ‘अमेरिकेची क्षेपणास्त्रं निघाली’ असं सांगत होतं. त्यांनी तो इशारा खोटा ठरवला आणि वर तसंच कळवलं. मे २०१७ मध्ये ते गेले, आणि जगाला ते कळायला सप्टेंबर उजाडला.

म्हणून माझं पहिलं सांगणं : माणूस जिवंत आहे तोवर करा.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात वाचनालयाचं काम बघते. त्याआधी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. आमच्या वाचनालयातर्फे दरवर्षी एका भांडण मिटवणाऱ्या माणसाचा जाहीर सत्कार होतो. शिरपूर, शहादा, चाळीसगाव अशा ठिकाणांहून लोक विचारतात की हे कसं करता, माणूस कसा शोधता, वाद नाही का होत. प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी सुटतं, म्हणून सगळं एकदा लिहून काढते आहे.

कोणाला शोधायचं

गावात जाऊन ‘तुमच्याकडे शांतता कोण राखतं?’ असं विचारू नका. लोक सरपंचाचं नाव सांगतील, नाहीतर तंटामुक्त समितीच्या अध्यक्षाचं. ती माणसं वाईट नसतात, पण तुम्हाला जी हवी ती बहुतेक वेळा वेगळी असतात. आम्ही विचारतो, रात्री भांडण पेटलं तर दार कोणाचं वाजवता? पोलीस पाटलाकडे जायच्या आधी कोणाकडे जाता? दोन्ही घरच्या लग्नात कोणाला बोलावणं असतं? तिसऱ्या प्रश्नाला लोक जरा थांबून, विचार करून उत्तर देतात. ते उत्तर सहसा खरं निघतं.

विचारायच्या जागाही बदला. पारावर पुरुष बसतात आणि पुरुषांचीच नावं सांगतात. पिठाची गिरणी, दूध डेअरी, आठवडे बाजार, पाण्याची टाकी, कापूस वेचून परतणाऱ्या बायांची गाडी, इथं दुसरी नावं निघतात. आमच्याकडची भांडणं कोणती? बांध कोरला, विहिरीची पाळी चुकली, शेतरस्ता नांगरला, गुरं पिकात शिरली, वाटणीत भावानं जास्त घेतलं, मिरवणूक कुठल्या गल्लीतून न्यायची. यातली निम्मी तरी आधी घरात शिजतात, मग बाहेर येतात. घरातलं भांडण घरातच थांबवणारी बाई कुठल्याच कागदावर नसते.

केनियाच्या ईशान्येला वजीर नावाचा कोरडा, गुरं पाळणाऱ्यांचा मुलूख आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं कुळाकुळांत लढाया चालल्या होत्या आणि बाजारात एका कुळाची बाई दुसऱ्या कुळाच्या बाईशी व्यवहार करत नव्हती. तिथल्या काही बायांनी, त्यात देखा इब्राहिम अब्दी होत्या, बाजारापासून सुरुवात केली. कुठल्याही कुळाच्या बाईला तिथं निर्धास्त घेता-विकता आलं पाहिजे यावर त्या लक्ष ठेवू लागल्या. वाद झाला तर जागच्या जागी मिटवू लागल्या. नंतर त्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या, तरुणांकडे गेल्या, आणि त्यातून शांतता समिती उभी राहिली. देखा यांना २००७ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, ज्याला लोक ‘पर्यायी नोबेल’ म्हणतात. २०११ मध्ये त्या अपघातात गेल्या. मी ही हकिगत प्रत्येक निवड समितीला सांगते, कारण समितीत पाच पुरुष असले की बाजाराकडे कोणी बघत नाही. समितीत निम्म्या बाया घ्या. हा आमचा नियम आहे आणि त्यावर आम्ही तडजोड करत नाही.

काय शांतता नाही, ते आधी ठरवा

मिटलेलं भांडण आणि दाबलेलं भांडण दुरून सारखंच दिसतं. मार खाणाऱ्या लेकीला ‘जा बाई, नांद’ म्हणून सासरी परत धाडणारा माणूस आमच्या यादीत येत नाही, मग त्यानं शंभर घरं ‘सावरली’ असं गाव म्हणो. जातपंचायतीनं एखाद्या घराला वाळीत टाकायची धमकी देऊन तडजोड करवली असेल तर तो सरळ गुन्हा आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. मजुराला बुडालेली मजुरी सोडून द्यायला लावून ‘वाद मिटला’ म्हणणंही आम्ही मानत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. दोन बाजूंत जो कमजोर आहे त्याच्या घरी जा, एकटे जा, आणि त्याला विचारा की मिटलं तेव्हा तुम्हाला काय मिळालं. तो मान खाली घालून ‘मिटलं ना, बास’ म्हणाला, तर ते नाव बाजूला ठेवा.

खात्री कशी करायची

इथं आम्ही जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेकडून एक गोष्ट घेतली. दुसऱ्या महायुद्धात ज्यांनी जीव धोक्यात घालून ज्यूंना वाचवलं, अशा ज्यू नसलेल्या माणसांना ती संस्था १९६३ पासून गौरवते. आजवर २८ हजारांहून जास्त नावं झाली. प्रत्येक नाव एका आयोगापुढून जातं. वाचलेल्या माणसाची साक्ष किंवा कागद लागतो, आणि मदत पैशासाठी केली असेल तर नाव बसत नाही. एवढी कडक छाननी आहे म्हणून त्या यादीला वजन आहे.

आपल्याला आयोग नको, पण तीन माणसं हवीत. एक या बाजूचं, एक त्या बाजूचं, आणि एक ज्याचा दोघांशी संबंध नाही असं. तिघांना वेगवेगळं भेटायचं. ‘चांगला माणूस आहे’ हे ऐकून उठायचं नाही. तो कुठं उभा होता, हातात काय होतं, पहिलं वाक्य काय बोलला, त्याला कोणी शिवी दिली का, त्यानं या कामाचं काही घेतलं का, हे विचारायचं. तारीख कोणाला आठवत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी की नंतर, कापूस फुटला होता का, श्रावणातली कानबाई बसली होती का, असं विचारलं की महिना हाती लागतो.

आणखी दोन बंधनं आम्ही पाळतो. ग्रामपंचायतीची किंवा सोसायटीची निवडणूक तोंडावर असेल तर त्या गावातलं नाव त्या वर्षी घेत नाही. आणि ज्याला त्या कामाचा पगार मिळतो त्यानं पगारापलीकडे काही केलं असेल तरच विचार करतो.

दोन्ही बाजूंची परवानगी

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, तुम्हीही घालवा. मिटलेलं भांडण म्हणजे खपली धरलेली जखम. तुम्ही माइकवरून ‘अमुक आणि तमुक यांच्यातलं वैर यांनी मिटवलं’ असं जाहीर केलंत तर ती तुम्हीच खरवडलीत. सत्कार होईल आणि पुढच्या आठवड्यात पोरं पुन्हा एकमेकांना टोमणे मारतील.

आम्ही आधी त्या माणसाला विचारतो, मग दोन्ही बाजूंना, मग त्याच्या घरच्यांना. घरच्यांना शेवटी विचारायचं, पण विचारायचंच. बापानं मध्ये पडल्यापायी कधीतरी लेकाची मोटारसायकल फोडलेली असते, आणि पुन्हा नाव पुढं आलं तर काय होईल याची भीती त्यांनाच असते. दोन बाजूंपैकी एकानं जरी नको म्हटलं तर नावं, गाव, आडनाव काहीही उघड न करता फक्त कृती सांगायची. दोन्ही नको म्हणाले तर त्या वर्षी थांबायचं. प्रकरण कोर्टात असेल तर हातच लावायचा नाही.

आमच्याकडच्या एका गिरणीवाल्या आक्कांचं उदाहरण सांगते, त्यांच्या होकारानंच. बोरी नदीकाठची एक विहीर, भाऊबंदकीतली दोन घरं, आणि पाण्याच्या पाळीवरून वाद. आम्ही आक्कांकडे गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “शाल कसाले बईन? मी फक्त वही लिखी.” शाल त्यांना नकोच होती. पण ती वही वाचनालयात काचेखाली ठेवायची म्हटल्यावर त्या विचारात पडल्या. ती शाळेची दोनशे पानी वही होती, पुठ्ठ्याला पिठाचे पांढरे ठसे. आत पेन्सिलीनं आखलेले रकाने : तारीख, लाइन (शेतीची वीज) दिवसाची का रात्रीची, मोटर किती वाजता चालू, किती वाजता बंद, आणि शेवटी सही. एका घरच्या म्हाताऱ्याचा अंगठा होता. एका पानावर रकाना रिकामा होता आणि समोर आक्कांनी लिहिलं होतं, ‘डीपी जळाला, पाळी पुढे.’ मला त्या एका ओळीत सगळं दिसलं. वीज गेली, पाणी बुडालं, तरी पाळी कोणाची हा प्रश्न शिल्लक ठेवला नाही. दोन्ही घरांनी एक अट घातली : सह्यांच्या रकान्यावर कागद लावा. आम्ही लावला. वही अजून तशीच आहे.

मानपत्र

विशेषणं काढून टाका. ‘थोर समाजसेवक’, ‘शांततेचे पुजारी’, ‘आदरणीय व्यक्तिमत्त्व’ हे शब्द कोणालाही चिकटतात. गावाला त्या माणसाचा तो एक तास ऐकू द्या. आक्कांचं मानपत्र असं होतं :

‘विहीर एक, घरं दोन, मोटर एक. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत एका रात्री पाइप कापला गेला. सकाळी दोन्ही घरची माणसं काठ्या घेऊन विहिरीवर आली. आक्का गिरणी बंद करून तिथं गेल्या. त्यांनी स्टार्टरच्या पेटीला स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. म्हणाल्या, ज्याला पाणी पाहिजे त्यानं गिरणीवर यावं, वहीत लिहावं, किल्ली न्यावी. पहिले दोन दिवस कोणीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी हरभरा सुकायला लागला तेव्हा एक जण आला. त्याच संध्याकाळी दुसरा आला. आठवडा बदलून दिवसाची लाइन रात्री गेली की पाळीही बदलायची, हा नियम आक्कांनी केला. त्या विहिरीवर पुन्हा काठी निघाली नाही. हे गाव आक्कांचं ऋणी आहे.’

दोन मिनिटांत वाचून होतं. वाचायला शाळेतली मुलगी उभी करा, आणि मानपत्र प्रमाण मराठीत असलं तरी शेवटी तीच हकिगत अहिराणीत सांगायला गावातल्या कोणाला तरी बोलवा. म्हाताऱ्या माणसांचे डोळे तेव्हा पाणावतात, हे मी दरवेळी बघते. मानपत्र फ्लेक्सवर छापू नका. जाड कागद, सुंदर अक्षर, काचेची फ्रेम.

लिहून घेण्याच्या कामाला कमी लेखू नका. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते भराभर उतरवून घेत होते. गुरुजी तिथं वही घेऊन बसले नसते तर ते बोल भिंतींतच राहिले असते. आपल्या गावात असं वही घेऊन बसणारं कोण आहे, ते सत्काराच्या आधी बघा.

दिवस, जागा, मंच

२१ सप्टेंबर हा संयुक्त राष्ट्रांचा जागतिक शांतता दिवस. पण त्या सुमारास आमच्याकडे पाऊस, फवारणी, कधी गणपती. गर्दी होत नाही. आम्ही काम दोन टप्प्यांत करतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत अभिनंदनाचा ठराव घेतो, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावानिशी, आणि इतिवृत्तात मजकूर नीट आला की नाही हे तिथंच वाचून बघतो. एकदा सरकारी वहीत ओळ गेली की ती गावाची होते. कार्यक्रम २४ डिसेंबरला, साने गुरुजींच्या जयंतीला. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, त्यामुळे आमच्या तालुक्याला तो दिवस आपला वाटतो. वेळ संध्याकाळी सहाची, वेचणीवरून बाया आल्यावर. थंडी असते, म्हातारी माणसं असतात, तासाभरात संपवा.

मंचावर सत्कारमूर्ती, वाचणारी मुलगी, आणि तयार असतील तर दोन्ही बाजूंचं एकेक माणूस. मानपत्र त्या दोघांनी मिळून द्यायचं. आमदार-खासदार आले तर आनंदच आहे, त्यांना पुढच्या रांगेत मानानं बसवा, मंचावर नको. पहिल्या वर्षी यावरून कुरबूर होईल. होऊ द्या. दुसऱ्या वर्षी कोणी विचारत नाही.

भेट म्हणून आम्ही कडुनिंबाचं रोप लावतो आणि वर्षभर पाणी घालायची जबाबदारी वाचनालय घेतं. इटलीत मिलानमध्ये २००३ पासून, जीव धोक्यात घालून इतरांना वाचवणाऱ्या माणसांच्या नावानं झाडं लावलेली बाग आहे, आणि युरोपच्या संसदेनं २०१२ मध्ये ६ मार्च हा दिवस अशा माणसांसाठी ठरवला.

जगाशी जोडून द्या

सत्काराच्या आधी आम्ही दुसऱ्या देशातल्या एका कमी माहीत असलेल्या माणसाची हकिगत मुलांकडून वाचून घेतो. हेतू असा की गिरणीवाल्या आक्कांना कळावं, आपण वजीरच्या बायांच्या ओळीत उभ्या आहोत. एका वर्षी नायजेरियातल्या कडुना शहरातले इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये यांची गोष्ट सांगितली. दोघं एकेकाळी एकमेकांविरुद्धच्या सशस्त्र टोळ्यांत होते. दंगलीत वुये यांचा उजवा हात गेला, अशाफा यांनी घरची माणसं आणि गुरू गमावले. १९९५ मध्ये त्याच दोघांनी मिळून आंतरधर्मीय मध्यस्थी केंद्र सुरू केलं. सभा एकदम गप्प होती. नंतर एका तरुणानं येऊन विचारलं, “मॅडम, पहिल्यांदा हात कोणी पुढं केला?” असा प्रश्न निघाला की कार्यक्रम सार्थकी लागला असं मी समजते.

हकिगत निवडताना ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी सापडली तरच घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेली घेऊ नका.

गावाबाहेर कसं न्यायचं

आपल्या राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. चांगली मोहीम, पण तिचं बक्षीस गावासाठी ठेवलेलं. माणूस त्यात दिसत नाही. माणसाचं नाव पुढं न्यायचं तर आधी तालुक्याच्या वार्ताहराला तयार मजकूर आणि एक स्वच्छ फोटो द्या, शक्यतो दुपारच्या आत. दोन्ही बाजूंची नावं त्यात नकोत.

पद्म पुरस्कारासाठी कोणीही नागरिक ऑनलाइन नाव सुचवू शकतो. कामाचं वर्णन ८०० शब्दांत बसवावं लागतं, तेव्हा तुमची साक्षींची वही कामी येते. राइट लाइव्हलीहूडसाठीही कोणीही नाव पाठवू शकतो. नोबेल शांतता पुरस्काराचं तसं नाही. खासदार, मंत्री, आणि इतिहास, समाजशास्त्रं, कायदा, तत्त्वज्ञान, धर्म अशा विषयांचे विद्यापीठातले प्राध्यापक, अशा ठरावीक लोकांनाच सुचवता येतं. मुदत ३१ जानेवारी, आणि सुचवलेली नावं ५० वर्षं गुप्त. २००५ मध्ये स्वित्झर्लंडमधून सुरू झालेल्या एका मोहिमेनं दीडशे देशांतल्या १,००० स्त्रियांना एकत्र सुचवलं होतं. पुरस्कार मिळाला नाही, पण त्या हजार जणींची कामं लिहिली गेली, आणि मला तेच मोलाचं वाटतं.

सत्कारानंतर

सत्कार झाला की त्या माणसाकडे भांडणं घेऊन येणारे वाढतात. दूरच्या गावचे लोक येतात, कोणी पैशाची पाकिटं घेऊन येतात. सहा महिने तरी तुमच्यातलं कोणीतरी अधूनमधून घरी जाऊन या. त्याच्यावर कोणाचा राग आहे का, दबाव येतोय का, विचारा. त्याला लगेच कुठल्या समितीवर घेऊ नका. त्याची ताकद कुठल्याच बाजूचा नसण्यात आहे, ती पदानं जाते.

फाइलमध्ये साक्षी, संमतीचे कागद, ठरावाची नक्कल आणि मानपत्राची प्रत ठेवा. एक प्रत वाचनालयात, एक त्यांच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत. आवाजाची टिपणं मोबाइलवर ठेवून भागत नाही, मोबाइल बदलतो. पेनड्राइव्हवर घ्या आणि त्यावर नाव लिहा.

कोणी नको म्हटलं तरी त्यांच्या परवानगीनं नोंद करून पाकीट बंद करा. वर फक्त साल आणि ‘यांनी सांगितल्यावर उघडावे’ एवढं लिहा. आमच्या कपाटात अशी पाकिटं आहेत. दर आखाजीला, लेकी माहेरी आलेल्या असतात तेव्हा, मी त्या घरांतून एक चक्कर मारते आणि पुन्हा विचारते.